वंशांचा समतोल आणि घरचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करायच्या खेळात) पात्राचा वंश निवडताना सगळ्यात जास्त वाद होतात, आणि त्यातून निघालेले हाउस रूल (टेबलाने स्वतः केलेले नियम) बऱ्याचदा दोन सेशनमध्ये मोडीत निघतात. खालची उत्तरं मुख्यतः डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीला धरून आहेत. २०१४ आणि २०२४ ची पुस्तकं जिथे वेगळं सांगतात, तिथे तसं नमूद केलं आहे. पाथफाइंडर (याच धाटणीचा दुसरा खेळ) खेळणाऱ्यांनी प्रश्न १३ पाहावा.

लिहिण्यापुरती एक सूचना: अंतरासाठी 'फूट' आणि पात्राच्या खास गुणासाठी 'फीट' हे शब्द वापरले आहेत. तुमच्या शीटवरही असंच ठेवा. दोन्हीला 'फीट' म्हटलं की '३० फीट' वाचून नवा खेळाडू हबकतो.

१. सगळे वंश सारख्याच ताकदीचे असायला हवेत का?

नाही. तसे ते कुठल्याच आवृत्तीत नव्हते. तपासायचं एवढंच की एका पात्राच्या वंशामुळे दुसऱ्या पात्राचं काम संपतंय का. चोराने कुलपं आणि भिंती चढण्यावर सगळी कौशल्यं खर्च केली आणि शेजारचा पंखवाला पहिल्याच लेव्हलला खिडकीतून आत गेला, तर गडबड आहे. एखाद्याला एक भाषा किंवा शस्त्रातलं प्रावीण्य जास्त मिळालं, तर त्याने कुणाचंही काही बिघडत नाही.

वंशाचा जोर लेव्हल १ ते ४ मध्ये जाणवतो. पुढे वर्गाची (फायटर, जादूगार असा पात्राचा पेशा) ताकद इतकी वाढते की बहुतेक वांशिक गुण मागे पडतात. न ओसरणारे गुण मोजके आहेत: उड्डाण, जादूविरुद्ध कायमचा ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) आणि एसीमधली (आर्मर क्लास, म्हणजे फटका बसायला लागणारा आकडा) फुकटची वाढ. हाउस रूल लिहायला बसलात तर आधी या तिघांकडे बघा.

२. एखादा वंश 'ओपी' (ओव्हरपॉवर्ड, प्रमाणाबाहेर ताकदवान) वाटतोय. लगेच नियम बदलू का?

आधी पुस्तकातला मूळ नियम टेबलावर पुरा लागू होतोय का ते बघा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी तिथेच मिटतात. डार्कव्हिजनचं (अंधारात दिसण्याचा गुण) तर हमखास असंच असतं (प्रश्न ६).

त्यानंतर तीन सेशन फक्त नोंद ठेवा: कोणता गुण वापरला, कशावर वापरला आणि त्यामुळे कुणाची पाळी वाया गेली. तीनपैकी दोन सेशनमध्ये तोच गुण आणि तीच अडचण आली, तरच नियम लिहा. एकदाच घडलेल्या गोष्टीवर नियम केला, तर तो त्या प्रसंगापुरताच उपयोगी पडतो आणि पुढे वर्षभर सगळ्यांच्या पायात येतो.

३. वंशाची ताकद आकड्यात मोजता येते का?

ढोबळ मोजता येते. आम्ही वापरतो ती गुणपद्धत २०१४ च्या नियमांसाठी अशी आहे:

- पात्राच्या कामाच्या ॲबिलिटीत (ताकद, चपळाई, बुद्धी असे सहा मूळ आकडे) प्रत्येक +१: २ गुण. कामाच्या ॲबिलिटी तीनच धरायच्या. बाकीच्यांत प्रत्येक +१ ला अर्धा गुण
- एक कौशल्य, एक कॅन्ट्रिप (कितीही वेळा वापरता येणारा छोटा मंत्र), डार्कव्हिजन, किंवा एका प्रकारच्या इजेला रेझिस्टन्स (इजा निम्मी): प्रत्येकी १
- दिवसातून एकदा वापरता येणारा कामाचा मंत्र: १
- विषाला रेझिस्टन्स आणि विषाच्या सेव्हवर (संकट टाळण्यासाठीची फाशाची फेक) ॲडव्हांटेज मिळून: २, विषाला पूर्ण इम्युनिटी (इजाच नाही): ३
- नोम वंशासारखा, तीन मानसिक सेव्हपुरता जादूविरुद्ध ॲडव्हांटेज: ३, सर्व सेव्हवर असेल तर ४
- फीट: ४
- चाल ३० फुटांऐवजी २५: उणे अर्धा

यात मूळ पुस्तकातले वंश साधारण ८ ते १२ मध्ये बसतात. हाफ-एल्फ: चार वेळा +१ चे ८, दोन कौशल्यांचे २, डार्कव्हिजनचा १, फे ॲन्सेस्ट्रीचा (मोहिनीच्या जादूपासून बचाव) १, एकूण १२. ड्रॅगनबॉर्न: ६, रेझिस्टन्स १, श्वास (ड्रॅगनसारखा फुंकून केलेला हल्ला) १, एकूण ८. दोघांमधला फरक टेबलावरही जाणवतो, म्हणजे मोजपट्टी अगदीच वाकडी नाही.

उड्डाण या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. दहा फूट उंचीच्या भुयारात त्याची किंमत शून्य, आणि मोकळ्या दरीत ते अख्खी मोहीम खाऊन टाकतं. त्याला वेगळा नियमच लागतो (प्रश्न ५). गुण कोणत्या वर्गाच्या हाती पडतो यावरही किंमत बदलते, आणि ते या पद्धतीत दिसत नाही. त्याचं ढळढळीत उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.

४. मला ॲबिलिटीत +२ मिळाला नाही. माझं पात्र कायम मागे राहणार का?

वाटतं तितकं नाही. २७ गुणांच्या पॉइंट बायमध्ये (गुण खर्चून ॲबिलिटीचे आकडे विकत घेण्याची पद्धत) एका ॲबिलिटीवर जास्तीत जास्त १५ घेता येतात. त्यावर +१ मिळाला तर १६, +२ मिळाला तर १७, आणि दोन्हीचा मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +३ च. म्हणजे +१ वाला आणि +२ वाला लेव्हल ४ पर्यंत फाशावर बरोबरीतच असतात. काहीच न मिळालेल्याचा मॉडिफायर +२ राहतो, म्हणजे डी-२० वर (वीस बाजूंचा फासा) एका पायरीचा, ५ टक्क्यांचा फरक. ६५ टक्के नेम लागत होता तो ७० झाला, तर एकूण फटके साधारण ८ टक्क्यांनी वाढतात. हा फरक खरा आहे, पण यासाठी नियम बदलण्याची गरज नाही.

५. उडणाऱ्या वंशाचं काय करायचं? सरसकट बंदी घालू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बंदी घालणं सोपं आहे आणि लहान मोहिमेला ती चालूनही जाते. पण खेळाडूने पात्रच पंखांसाठी निवडलेलं असतं, तेव्हा त्याहून बरा रस्ता काढा.

अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. जादूगाराला फ्लाय हा मंत्र लेव्हल ५ ला मिळतो, तो १० मिनिटं टिकतो आणि त्यासाठी एकाग्रता लागते. जादूगाराला तडाखा बसून एकाग्रता सुटली, तर उडणारा खाली येतो. २०१५ च्या आराकोक्राला (पक्ष्यासारखा पंखवाला वंश) मात्र पहिल्या लेव्हलपासून ५० फुटांचं उड्डाण आहे. त्याला वेळेची मर्यादा नाही, एकाग्रता नाही, फक्त मीडियम किंवा हेवी आर्मर चालत नाही. हातात लाँगबो असेल तर १५० फुटांवरून तो सरळ नेम धरतो. लांडगे, झोंबी, आउलबेअर यांच्याकडे दूरचा हल्लाच नाही. त्यांच्याशी झालेल्या लढाईत त्याला ओरखडाही उठत नाही आणि खालची मंडळी एकटी मार खातात.

बदल करण्यापूर्वी मूळ नियम लावा. उडणारा प्रोन (आडवा) झाला किंवा त्याची चाल शून्य झाली की तो पडतो. दर १० फुटांना १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) इजा होते, कमाल २०डी६. ६० फुटांवरून पडला तर ६डी६, सरासरी २१. लेव्हल २ च्या बहुतेक पात्रांची शुद्ध हरपायला एवढं पुरतं. जाळी, वेब, होल्ड पर्सन हे सगळं इथे उपयोगी आहे. शत्रूंची निवडही बघा: गॉब्लिनचा शॉर्टबो ८०/३२० फुटांपर्यंत (साधा/कमाल पल्ला) पोचतो, ओगरची जॅव्हलिन ३०/१२० पर्यंत. पण प्रत्येक लढाईत धनुर्धारी उभे करू नका. खेळाडूला ते लगेच कळतं आणि पंख घेतल्याची शिक्षा मिळतेय असं वाटू लागतं.

एवढ्यावर भागलं नाही तर आमचा नियम जसाच्या तसा घ्या:

*पंखांचे वंश (आवृत्ती २). लेव्हल १ ते ४: स्वतःच्या पाळीत उडता येतं, पण पाळी संपताना पाय टेकलेले हवेत, नाहीतर पात्र पडतं. पडताना शुद्ध असेल आणि पंख मोकळे असतील तर पडण्याची इजा होत नाही. उड्डाणाचा वेग चालीइतकाच. लेव्हल ५ पासून पुस्तकातलं पूर्ण उड्डाण. दुसऱ्या प्राण्याला उचलून उडता येत नाही. बदल्यात लेव्हल १ ला आवडीचं एक कौशल्य.*

पाळीअखेर उतरण्याच्या अटीमुळे दरी ओलांडणं, छपरावर झेप घेणं, वरून उडी मारणं ही सगळी मजा शिल्लक राहते आणि हवेत लटकून बाण सोडणं थांबतं. इजा न होण्याचं कलम विसरू नका. ते नसेल तर पंख असलेलं पात्र छपरावरून घसरून मरतं आणि टेबलावर हशा पिकतो.

उड्डाणाचा वेग चालीइतका ठेवण्याची युक्ती २०२२ च्या मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स या पुस्तकातही आहे. तिथे आराकोक्राचं उड्डाण चालीच्या बरोबरीने ३० फूट केलं आहे.

६. जवळजवळ सगळ्यांना डार्कव्हिजन आहे. ते काढून टाकू का?

आधी नीट वापरून बघा. डार्कव्हिजनवाल्याला अंधारात लख्ख दिसत नाही. पूर्ण अंधार त्याला अंधुक उजेडासारखा दिसतो, आणि अंधुक उजेडात नजरेवर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला (आजूबाजूचं टिपण्याचं कौशल्य) डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा) असतो. पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता धरायचा आकडा) ५ ने घटतं. १४ चं ९ झालं की मशाल न पेटवता चाललेली पार्टी (पात्रांचा गट) सापळ्यात पाय घालते. मशाल २० फूट उजेड आणि पुढे २० फूट अंधुक उजेड देते, म्हणून एल्फलाही मशाल हवीच. हे दोनदा घडलं की डार्कव्हिजनबद्दलची तक्रार आपोआप बंद होते.

२०१४ च्या मूळ पुस्तकात ते फक्त माणूस, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्नला नाही. अंधार हाच मोहिमेचा विषय असेल, तर भूमिगत वंशांपुरतंच ते ठेवा आणि बाकीच्यांना बदल्यात एक कौशल्य द्या.

७. साधा माणूस फारच कमजोर आहे आणि व्हेरियंट माणूस (पुस्तकातला पर्यायी प्रकार) फारच जबरदस्त. मधलं काही आहे का?

साधा माणूस कमजोर दिसण्यामागे निम्मं कारण आकड्यांच्या मांडणीचं आहे. स्टँडर्ड ॲरे (सहा ॲबिलिटींसाठी ठरलेले आकडे) १५, १४, १३, १२, १०, ८. सगळ्यांना +१ दिल्यावर १६, १५, १४, १३, ११, ९. सहा वेळा +१ मिळूनही मॉडिफायर फक्त दोनच बदलले! तोच खेळाडू पॉइंट बायने १५, १५, १३, ११, ९, ८ घेईल (बरोबर २७ गुण), तर १६, १६, १४, १२, १०, ९ होतात आणि पाच मॉडिफायर बदलतात. विषम आकडे विकत घ्यायला सांगा, नियम बदलायची गरज पडणार नाही.

व्हेरियंट माणसाचं दुखणं लेव्हल १ ला मिळणाऱ्या फीटमध्ये आहे. 'मग सगळ्यांनाच एक फीट द्या' हा लोकप्रिय उपाय. तो करा, पण त्यासोबत ग्रेट वेपन मास्टर, शार्पशूटर, पोलआर्म मास्टर आणि क्रॉसबो एक्स्पर्ट लेव्हल ४ पर्यंत बंद ठेवा. गॉब्लिनचे ७ हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) असताना +१० इजेचा फटका म्हणजे लढाईच संपली. माणसाला त्याच यादीतून दुसरी फीट मिळू द्या, म्हणजे त्याचं वेगळेपण टिकतं. २०२४ च्या पुस्तकाने हाच मार्ग धरला: प्रत्येक बॅकग्राउंडसोबत (पात्राची पार्श्वभूमी) एक ओरिजिन फीट (सुरुवातीची फीट), आणि माणसाला एक जास्त.

८. ड्रॅगनबॉर्नला कसं वर आणायचं?

२०१४ चा श्वास २डी६, म्हणजे सरासरी ७. त्यासाठी अख्खी ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) जाते, सेव्ह झाला तर इजा निम्मी, आणि पुन्हा वापरायला शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती). ग्रेटस्वोर्डवाला फायटर लेव्हल ५ ला दोन हल्ले करतो, तेव्हा श्वास अजून २डी६ वरच असतो. ३डी६ व्हायला लेव्हल ६ लागते. साहजिकच कुणी श्वास वापरत नाही.

फाशांची संख्या वाढवू नका, खर्च कमी करा. अटॅक ॲक्शनमधल्या एका हल्ल्याऐवजी श्वास सोडता यावा आणि लाँग रेस्टमागे (पूर्ण विश्रांती) प्रोफिशियन्सी बोनसइतक्या (लेव्हलसोबत वाढणारा आकडा) वेळा. २०२१ च्या फिझबन्स ट्रेझरी ऑफ ड्रॅगन्समध्ये आणि २०२४ मध्ये हेच केलंय. सोबत डार्कव्हिजन द्या, बस. फासेही वाढवले, तर लेव्हल १ ला एका श्वासात चार गॉब्लिन आडवे होतात आणि जादूगार बसून राहतो.

९. टाशाज कॉल्ड्रन या पूरक पुस्तकामुळे ॲबिलिटीची वाढ हवी तिथे हलवता येते. यात काही बिघडतं का?

एका ठिकाणी हमखास. माउंटन ड्वार्फला +२ आणि +२ असे चार मिळतात, बहुतेकांना तीन. शिवाय लाइट आणि मीडियम आर्मरचं प्रावीण्य. मूळ रचनेत हे जुळत होतं, कारण स्ट्रेंथ वाढलेला ड्वार्फ फायटर व्हायचा आणि फायटरला आर्मर आधीच येतं. ते प्रावीण्य वाया जायचं. ते +२ इंटेलिजन्सवर हलवले की जादूगार ड्वार्फ मीडियम आर्मर घालून उभा राहतो. हाफ प्लेट आणि डेक्स्टेरिटीचे +२ धरून एसी १७, तेही एकही मंत्र न खर्चता.

उपाय एका ओळीत: वाढ हलवायची असेल तर सर्वांना +२ आणि +१ च. माउंटन ड्वार्फ आणि हाफ-एल्फ जास्तीची वाढ सोडतात, किंवा पुस्तकातल्या मूळ जागीच ठेवतात.

१०. युआन-टी (सर्पवंशी पात्र) घेऊ द्यावा का?

२०१६ च्या रूपात प्रश्न ३ च्या पद्धतीने तो १६ वर जातो: ६, डार्कव्हिजन १, जादूविरुद्ध ॲडव्हांटेज ४, विषाला इम्युनिटी ३, मंत्र २. ५० टक्के फसणारा सेव्ह ॲडव्हांटेजने २५ टक्केच फसतो. डीएमच्या (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) हातातल्या निम्म्या जादूची धार तिथेच जाते.

जादूचा ॲडव्हांटेज नोमसारखा इंटेलिजन्स, विझडम आणि करिझ्मापुरता करा. विषाला इम्युनिटीऐवजी रेझिस्टन्स आणि सेव्हवर ॲडव्हांटेज द्या, २०२२ च्या पुस्तकानेही तेच केलं. सजेशन मंत्र काढा. १३ उरतात, आणि तेवढ्याने कुणाचं काही जात नाही.

११. ताकदवान वंशाला 'गावकरी तुझा द्वेष करतात' असा तोटा दिला तर?

नका देऊ. लढाईतला फायदा दर फेरीत मिळतो, सामाजिक तोटा डीएमच्या लक्षात राहिला तरच लागतो. आणि लागला की त्याचा फटका सगळ्या पार्टीला बसतो, कारण वेशीवर अडवतात ते सगळ्यांना. तोटा द्यायचाच तर तो फायद्याच्याच चलनात द्या: उड्डाणाला वेळेची मर्यादा, रेझिस्टन्सला वापराची संख्या.

ॲबिलिटीत −२ देणंही फसवं आहे. ज्या वर्गाला ती ॲबिलिटी लागत नाही, तोच वर्ग खेळाडू निवडतो. व्होलोज गाइडमधल्या कोबोल्ड आणि ऑर्कच्या उण्या वाढी प्रकाशकांनी २०२० मध्ये काढून टाकल्या, यात नवल नाही.

१२. जुन्या आवृत्त्यांमधली लेव्हलची बंधनं परत आणावीत का?

१९७८ च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीमध्ये माणसाखेरीज इतर वंशांना बहुतेक वर्गांत लेव्हलची कमाल मर्यादा होती. मोहीम त्या मर्यादेआधी संपली तर बंधन कधी जाणवायचंच नाही, आणि पोचली तर पात्र तिथेच थिजायचं. तिसऱ्या आवृत्तीत लेव्हल ॲडजस्टमेंट आली. ड्राऊला (भूमिगत एल्फ) +२, म्हणजे लेव्हल १ चा ड्राऊ जादूगार ३ चा धरायचा, पण हिट पॉइंट लेव्हल १ चे. तो पहिल्याच चकमकीत मरायचा. दोन्ही उपायांत चूक एकच: फायदा आज मिळतो आणि किंमत वेगळ्याच वेळी वसूल होते. प्रश्न ५ मधला नियम उलटा चालतो. तिथे फायदाच हळूहळू उघडतो.

१३. आम्ही पाथफाइंडर खेळतो. हे लागू होतं का?

पहिल्या आवृत्तीसाठी २०१२ च्या ॲडव्हान्स्ड रेस गाइडमध्ये तयार रेस पॉइंट आहेत: १ ते १० सामान्य, ११ ते २० प्रगत, त्यावर राक्षसी. त्यात हाफ-ऑर्क ८ आणि ड्वार्फ ११ येतो, यावरून पट्टी किती सैल आहे ते कळतं. दुसऱ्या आवृत्तीत वांशिक फीट १, ५, ९, १३, १७ या लेव्हलना मिळतात, त्यामुळे बहुतेक प्रश्न उद्भवतच नाहीत. तिथे 'दुर्मीळ' म्हणजे 'ताकदवान' असं समजू नका. ती खूण फक्त डीएमला विचारून घ्यायचं आहे एवढंच सांगते.

१४. टॉर्टलचा (कासववंशी) एसी १७ आणि वॉरफोर्ज्डचा (यंत्रमानव) +१, कोणता जास्त त्रासदायक?

वॉरफोर्ज्डचा. टॉर्टलला लेव्हल १ ला १७ मिळतात तेव्हा चेन मेलवाला १६ वर असतो, पण १,५०० सोन्याच्या नाण्यांचं प्लेट आर्मर आलं की तो १८ वर जातो आणि टॉर्टल १७ वरच राहतो. उलट त्याची भरपाई करा: खजिन्यात जादुई चिलखताऐवजी कधी रिंग ऑफ प्रोटेक्शन ठेवा, कारण चिलखत त्याला घालताच येत नाही.

वॉरफोर्ज्डचा +१ मात्र सगळ्यावर चढतो. प्लेट १८, ढाल २, त्याचा १, म्हणजे २१. वर डिफेन्स स्टाइल घेतली की २२. +४ ने हल्ला करणाऱ्या गॉब्लिनला २१ वर २० टक्के नेम मिळतो, २२ वर १५. त्या एका +१ ने बसणारे फटके चौथाईने घटले. एसी आधीच वर असेल तिथे प्रत्येक +१ जास्त महाग पडतो. हेवी आर्मर असताना तो +१ लागू नाही, एवढा नियम पुरतो.

१५. २०१४ चा वंश आणि २०२४ ची बॅकग्राउंड एकत्र चालेल?

चालेल. २०२४ मध्ये ॲबिलिटीची वाढ बॅकग्राउंडमधून येते (+२/+१ किंवा तीन +१), म्हणून जुन्या वंशाची वाढ सोडून द्यायची. हे विसरलं की पात्र दोनदा वाढ घेतं. ऑनलाइन शीट भरताना ही चूक पटकन नजरेतून सुटते, तेव्हा पहिल्या सेशनआधी सगळ्यांच्या बेरजा स्वतः तपासा. व्हेरियंट माणूस या मिश्रणात घेऊ नका. २०२४ चा माणूसच वापरा.

१६. मोहीम अर्ध्यावर आहे आणि नियम बदलायचा आहे. कसं करू?

सेशन चालू असताना कधीच नाही. आधी ज्याचं पात्र बदलणार त्याच्याशी एकट्याशी बोला, मग सगळ्यांना लिखित पाठवा. बदल पुढच्या लेव्हलपासून लागू करा. त्या खेळाडूला पात्र फुकटात नव्याने मांडायची मुभा द्या, अगदी वंश बदलायचीसुद्धा. काही काढून घेतलं तर त्याच गुणांचं दुसरं द्या. नियमावर आवृत्तीचा आकडा आणि तारीख टाका. तीन सेशननंतर तो ठेवायचा की काढायचा, हे त्याच खेळाडूला आधी विचारा.

१७. खेळाडूने इंटरनेटवरून होमब्रू (चाहत्यांनी स्वतः रचलेला) वंश आणला आहे. पटकन कसा तपासू?

प्रश्न ३ ची बेरीज करा. १२ च्या वर असेल तर परत पाठवा. मग 'कायम', 'अमर्याद', 'प्रत्येक पाळीत' आणि 'इम्युनिटी' हे शब्द शोधा. प्रत्येक सापडला की वापराची संख्या लिहा. आणि खेळाडूला विचारा, यातला कोणता एक गुण तुला खरंच हवा आहे? उत्तर बहुधा शेपूट, शिंगं किंवा अंगावरची लव असं येतं. तसं असेल तर पुस्तकातला एखादा वंश घ्या आणि त्याला शेपूट लावा.